थंड नळीची गोळी

रायफल क्लबात एक गंमत असते. तिथं पहिल्या काही गोळ्या कुणी धरतच नाही. नेमबाज येतो, चटई अंथरतो, कोपराखाली वाळूची उशी सरकवतो आणि आधी नुसत्या अंदाजाच्या गोळ्या झाडतो. त्या जाऊ देत कुठंही. दुर्बीण जुळवायची, नळी तापू द्यायची, वाऱ्याचा रागरंग बघायचा आणि मग शिष्टपणे म्हणायचं, हं, आता मोजा. लालबागच्या हितेंद्र घाडीनं कित्येक वर्षं हेच केलं आणि त्यावर मेडलंही मिळवली. दादरला चष्म्याच्या दुकानात काचा कापणारा हा माणूस हातानं इतका स्थिर, की मालक अवघड काचा दुसऱ्या कुणाला देत नसे. चाळीत त्याचं लग्न जमत नव्हतं ते नव्हतं, पण त्याचा नेम चुकतो असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

रानडुकराला मात्र मेडलांशी काही देणंघेणं नसतं. तिथं अंदाजाची गोळी मिळत नाही. पहिली गोळी लागायला हवी, आणि खांद्यामागे जिथं लागायला हवी तिथंच लागायला हवी.

गेल्या जानेवारीत ती लागली नाही. कणकवलीजवळच्या त्याच्या गावी डुकरांनी भाजीचे वाफे उलथेपालथे केले होते, एका म्हातारीला पाडलं होतं. वनखात्याची रीतसर परवानगी निघाली आणि गावकऱ्यांनी मुंबईच्या नेमबाजाला बोलावणं धाडलं. मामाच्या मागे वारसानं आलेली परवान्याची रायफल घेऊन हितेंद्र गेला, सोबत धाकटा भाऊ वैभव. उजाडता उजाडता डुक्कर शेताच्या पलीकडच्या बांधाला दिसलं, डावीकडे तोंड करून, अगदी फोटोला उभं राहिल्यासारखं. हितेंद्रनं श्वास धरला, चाप ओढला. गोळी जायला हवी होती त्याच्या वर आणि उजवीकडे गेली आणि डुकराच्या मागच्या मांडीत बसली. जखमी डुक्कर वळलं ते थेट उजव्या बगलेला काठी घेऊन उभ्या असलेल्या वैभववर. दुसऱ्या गोळीनं ते पडलं, पण तोवर वैभवची मांडी फाटली होती. परळच्या हॉस्पिटलात त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला.

वैभव लोअर परळच्या टॉवरमध्ये लिफ्टचा मेकॅनिक होता. शिडीवर चढायचं, खड्ड्यात उतरायचं, असलं काम. ते संपलं. पण हितेंद्रला जे खरं लागलं ते वेगळंच होतं. शुद्धीवर आल्यावर वैभवनं त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, तुझा नेम कधी चुकत नाही." एवढंच बोलला. त्यानंतर तो भावाशी बोललाच नाही.

त्या बोलण्यामागे आदल्या संध्याकाळचं भांडण होतं. गावचं घर पाडून पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या हे वैभवचं मत, आणि हात लावलास तर बघ हे हितेंद्रचं. आवाज इतका चढला, की शेजारचे लोक अंगणात जमले. चिडलेल्या हितेंद्रच्या तोंडून गेलं, "तू नसतास तर बरं झालं असतं." असलं भाऊ भावाला रागात म्हणतोच. पण दुसऱ्याच सकाळी जेव्हा तसं होता होता राहतं, तेव्हा तो शब्द परत घेता येत नाही.

वैभवची बायको आकांक्षा तर पडदा ठेवून बोलायची बाई नव्हे. तिनं गॅलरीत उभं राहून, चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ज्या माणसाला केसाएवढी काच कापता येते त्याला भलंमोठं डुक्कर नीट मारता येत नाही, हे तिला पटत नाही. चाळीनं हे उचललं. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण नळावर हितेंद्र आला की गप्पा थांबायच्या.

त्याच्या बाजूनं एकटी आई होती. तुळसाबाई. म्हातारी अंगानं सुकलेली, पण जिभेनं खणखणीत. तिचं म्हणणं ठाम होतं, पोराचा नेम चुकलाच नाही. "माझ्या झिलान नेम बरोबर धरल्यान. डुकर हललो. देवाक विचारा जावन." यावरून ती सुनेशी भांडली, शेजारणींशी भांडली, गणपतीत आलेल्या स्वतःच्या बहिणीला तिनं अर्ध्या ताटावरून उठवलं. वैभवनं एकदाच तोंड उघडलं होतं. डुक्कर हललं नाही, मी बघत होतो, म्हणाला. तेव्हा ती त्याच्यावरही डाफरली, अपंग झालेल्या पोरावर. आणि मग मोरीत जाऊन रडली.

हितेंद्रची अवस्था फार वाईट होती. लोक काय म्हणतात ते सोसवतं हो. पण त्याला स्वतःलाच खात्री वाटेना. डुक्कर हललं नव्हतं, हे त्यानंही दुर्बिणीतून पाहिलं होतं. मग गोळी भलतीकडे गेली कशी? ज्या बाजूला गोळी गेली त्याच बाजूला वैभव उभा होता. आदल्या संध्याकाळचा राग बोटात उतरला का? माणसाला न कळता माणूस असं करतो का? दुकानात काच चाकावर धरली की तो आपल्याच बोटाकडे संशयानं बघत बसे. त्याला झोप लागत नसे, जेवण जात नसे, आणि हे सांगायचं कुणाला? ज्याला सांगावं तो समोरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

शेवटी तो भोईवाड्याच्या दौलतमास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे क्लबातले जुने शिकवणारे, पोलिसांना बंदुका शिकवून निवृत्त झालेले, तोंडाचे फाटके पण मनाचे साफ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ए, तू काय चटईवर झोपून मेडल घेणारा माणूस. जंगलात कोण उशी देतो तुला? तुझी चूक काय ते बघायचं ना? मग तसंच मारून बघ. दर रविवारी एकच गोळी. पहिली. थंड नळीची. सेटिंग नाय, उशी नाय, दुसरा चान्स नाय."

शिवडीच्या अंगाला खाडीलगत क्लबची लांब पल्ल्याची रेंज आहे, टोकाला मातीचा उंच बंधारा. वर्षभर दर रविवारी मास्तर हितेंद्रला तिथं नेत. आधी बांधावरून पळवत, धाप लागली की खडकावर बसवत, आणि गुडघ्यावर रायफल टेकवून एकच गोळी मारायला लावत. निशाण म्हणून पुठ्ठ्याचं डुक्कर, त्याच्या खांद्यामागे तळहाताएवढा गोल. एक गोळी झाली की रायफल पिशवीत. बाकीचे मेंबर हसायचे. एवढ्या लांब येऊन एक गोळी मारून जाणारा येडा त्यांनी पाहिला नव्हता. मास्तर कधी वाऱ्यात बसवत, कधी पावसाच्या भुरभुरीत, कधी मुद्दाम कानाशी शिव्या देत, कधी वैभवचं नाव घेत. हात थरथरू दे म्हणायचे, रडू येऊ दे, मग मार.

गोळी गोलात जायची. प्रत्येक वेळी. कधी कडेला, पण गोलात.

कुणाला वाटेल, यानं हितेंद्रला बरं वाटलं असेल. उलटं झालं. धापेत हात हलत नाही, वाऱ्यात हलत नाही, रागात हलत नाही, तर त्या सकाळी का हलला? जितकी गोळी बरोबर लागे तितका त्याच्या मनातला काळा कोपरा वाढे. म्हणजे खरंच मुद्दाम केलं असणार. दुसरं कारण उरतच नव्हतं. एकदा परतताना तो मास्तरांना म्हणालाही, "आता एक तरी चुकू दे हो."

जानेवारी पुन्हा आला. मास्तर म्हणाले, गेल्या वर्षी होती तशी थंडी पडू दे, म्हणजे सगळं सारखं होईल, आणि मग हा नाद सोडून द्यायचा. आईला हे कळलं तेव्हा तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आज निकाल. आज झील दाखवून देणार, की त्याचा हात हलत नाही, म्हणजे डुक्करच हललं होतं. तिनं गॅलरीभर सांगून टाकलं. आकांक्षालाही सुनावलं, "दुपारी येयत तेव्हा तोंड बघतंय तुझा."

मुंबईत थंडी म्हणजे काय ते मुंबईकरांनीच सांगावं. कानटोप्या निघाल्या होत्या आणि खोबरेल तेलाच्या बाटल्या गॅलरीच्या कठड्यावर उन्हाला ठेवलेल्या होत्या. सकाळी हितेंद्र आंघोळ करून आला तर आईनं कपाटातून रायफल काढून पाटावर ठेवली होती. कपाटाची एक किल्ली तिच्याकडेच असे. दस्त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, समोर उदबत्ती. "जा आता," ती म्हणाली. "यश घेऊन ये." त्यानं वाकून नमस्कार केला. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतः नळीतून कोरडं फडकं फिरवून आरपार बघितलं होतं, म्हणून सकाळी पुन्हा बघितलं नाही. कुंकवावर हलकेच हात फिरवून रायफल पिशवीत घातली आणि निघाला.

रेंजवर धुकं होतं. मास्तरांनी नेहमीसारखं पळवलं, बसवलं. हितेंद्रनं गोल धरला, श्वास धरला. हात दगडासारखा होता, त्याचा त्यालाच राग आला. चाप ओढला.

नळीच्या तोंडातून नेहमीपेक्षा जास्त धूर निघाला, पांढराधोट. मास्तरांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि तशीच धरून ठेवली.

"अरे," ते म्हणाले. "मागच्या मांडीत."

हितेंद्रनं बघितलं. भोक गोलाच्या वर आणि उजवीकडे होतं. त्या सकाळी लागलं होतं तिथंच, बोटभर इकडेतिकडे. म्हणजे झालं. इतके दिवस लपलेला तो दुसरा हितेंद्र आज बाहेर आला. त्याला वाटलं, रायफल इथंच टाकावी आणि खाडीत चालत जावं.

मास्तर मात्र नाक वर करून हुंगत होते. "वास कसला येतोय रे? कोण वडे तळतोय का?" ते खाली बसले, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली आणि नळीच्या तोंडावरून करंगळी फिरवली. बघितलं तर बोटाला पांढरं, तुपासारखं काहीतरी लागलं होतं. त्यांनी ते हितेंद्रच्या नाकाशी धरलं. खोबरेल.

"थंडीत गोठलेलं तेल आहे नळीत," मास्तर म्हणाले. "अशा नळीतून पहिली गोळी सरळ जाईल कशी? मार आता दुसरी. मार, मी सांगतो ना."

दुसरी गोलात गेली. तिसरी तिच्याच शेजारी. तेल पहिल्या गोळीनं वाहून नेलं होतं. मास्तर शिव्या देत हसायला लागले, त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले. "सुटलास, भडव्या! तुझा हात नव्हता. वर्षभर मी तुला कोरड्या नळीनं मारायला लावलं, साला मीच गाढव. पण तेल घातलं कुणी?"

हितेंद्र रडत होता. किती तरी दिवसांनी छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. मी नव्हतो. मी भावाला मारायला बघितलं नव्हतं. तो हे मोठ्यानं म्हणत होता, आणि म्हणता म्हणता मास्तरांच्या प्रश्नापाशी येऊन गप्प झाला.

कुणी घातलं ते त्याला कळलं होतं. त्याचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दसऱ्याला कामगार आपला साचा धुऊनपुसून काढत, त्याला आधी तेल पाजत आणि मग कुंकू लावून हार घालत. तेल पाजल्याशिवाय यंत्राची पूजा होत नाही, रुसतं ते, असं वडील घरी सांगायचे. गिरणी गेली, वडीलही गेले. पण आईनं ती रीत सोडली नव्हती. शिवणयंत्र, मिक्सर, वैभवची मोटारसायकल, दसऱ्याला सगळ्यांना तेल मिळायचं. गेल्या वर्षी गावी निघताना तिनं अशीच पूजा केली होती, कारण पोरगा मोठ्या कामाला निघाला होता. मधल्या रविवारी कसली पूजा, ते तर रोजचंच. आज पुन्हा मोठा दिवस होता. तिनं कापसाची वात बुडवून, ओठ घट्ट मिटून, नळीत थेंब थेंब तेल सोडलं असणार, पोराला यश यावं म्हणून.

"घरी जाऊन सांग सगळ्यांना," मास्तर म्हणाले. "तुझा भाऊ मिठी मारील तुला."

लालबागपर्यंत तो चालतच आला. वाटेत त्याच्या मनाची नुसती ओढाताण झाली. सांगितलं तर वैभव परत मिळेल, चाळीत मान वर करून चालता येईल. आणि आई? जिनं पाय गेलेल्या पोराच्या जखमेला रोज हातानं मलम लावलं, तिला हे सांगायचं, की तो पाय तुझ्या पूजेनं गेला? ती वाचणार नाही. मग त्याला सुचलं, की नुसतं बंदुकीत दोष होता म्हणावं. खोटंही नाही आणि कुणाचं नावही नाही. हे त्याला इतकं पटलं, की चाळीचा जिना तो जवळजवळ पळत चढला.

दारात आई उभीच होती. आत पलंगावर वैभव उशीला टेकून बसलेला, आकांक्षा कुकरचं झाकण काढत होती. कोंबडीचा वास घरभर होता. शेजारच्या दोघीतिघी गॅलरीत काहीतरी निवडायचं निमित्त करून बसल्या होत्या.

"सांग," आई म्हणाली. "सगळ्यांका आयकाक जाऊ दे. हललो हात?"

"नाही," हितेंद्र म्हणाला. "बंदुकीत दोष होता, आये. पहिली गोळी बाजूला जाते तिची."

वैभवनं मान वळवली. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं भावाच्या डोळ्यांत सरळ बघितलं. "कसला दोष?" त्यानं विचारलं.

"आहे काहीतरी. नळीत."

"आणि हे वर्षभर नाही कळलं?" आकांक्षा म्हणाली. "दर रविवारी गोळी बरोबर लागत होती ना, भावोजी? मग दोष आजच आला?"

हितेंद्रनं पिशवीचा पट्टा खांद्यावर वर ओढला. पण आई कशाला गप्प बसते. बंदुकीला दोष म्हणजे तिच्या हातच्या पूजेला दोष. "दोष कसो असात?" ती फणकारली. "बंदूक चकचकीत आसा. मी स्वता पुसलंय. गेल्या वर्सा गावाक जाताना घातलंय तसाच आजही तेल..."

"तेल?" आकांक्षानं पळी खाली ठेवली. "कसलं तेल? कुठं घातलंत, आई?"

वैभवही उशीवरून सरळ झाला होता. तो मशीनवरचा माणूस. कुठं तेल घालायचं आणि कुठं नाही, हे त्याला सांगायला नको होतं. त्याचे डोळे आईकडे गेले, तिथून पिशवीकडे. अजून एक वाक्य आणि त्याला सगळं कळलं असतं. आई बिचारी तोंड उघडून उत्तर द्यायला निघालीच होती, अभिमानानं.

"बंदुकीत काही नाही," हितेंद्र मोठ्यानं म्हणाला. "खोटं बोललो मी. हात हलला माझा. आजही हलला, तेव्हाही हलला."

गॅलरीतल्या बायकांचे निवडते हात थांबले.

"हलला," आकांक्षानं सावकाश विचारलं, "की हलवलात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर बोलणं पुन्हा तेलावर जाणार होतं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यानं सगळ्यांना हवं ते उत्तर मिळालं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिनं त्याचा हात धरला, तळवा उलटा केला, सुलटा केला, जणू त्यात काही लिहिलेलं असावं. "माका सांग खोटा बोलतंस म्हणून," ती हळूच म्हणाली. "एकदा सांग. मी सगळ्यांशी भांडलंय रे तुझ्यासाठी."

त्यानं मान वर केली नाही. तिनं हात सोडला. मग भिंतीला धरत धरत ती पलंगापर्यंत गेली, वैभवच्या उरलेल्या पायाशी खाली बसली आणि त्या पायावर डोकं टेकलं.

"माझ्या बाबा," ती म्हणाली, "तू सांगत होतंस आणि मी तुझा आयकलंय नाय. माका माफ कर."

वैभव तिच्या केसांवरून हात फिरवू लागला. आकांक्षा तोंडाला पदर लावून मोरीकडे वळली. हितेंद्र खांद्यावरची पिशवी न उतरवता दारात उभा होता. त्याचा हात हलला नव्हता, हे आता त्याला पक्कं माहीत होतं. त्याला आत ये म्हणणारं माणूस मात्र त्या घरात कुणी उरलं नव्हतं.